पुढचं चाक

तीस. पुन्हा मोजले, तीसच. एकतीस हवे होते. स्टीलच्या ताटात पांढरा फडका अंथरून त्यावर मांडलेले विमानाचे सुटे भाग मी बोट न लावता नुसत्या नजरेनं मोजत होते, आणि माझ्या शेजारी, ताटाचा काठ दोन्ही हातांनी धरून, अनू उभी होती. दीड वर्षाची माझी अनू, जी दोन मिनिटांपूर्वी आतल्या खोलीत गाढ झोपलेली होती. गॅसचा सिलिंडर आला म्हणून मी दार उघडायला उठले होते. त्या माणसानं रिकामी टाकी खांद्यावर घेतली, मी कागदावर सही केली, दार लावलं, वळले. एवढंच. तिचं तोंड मिटलेलं होतं. माझ्याकडे बघून ती तोंड न उघडताच हसली, मग एकदा खोकली, कोरडं, म्हाताऱ्या माणसानं घसा साफ करावा तसं, आणि मग तोंड उघडून म्हणाली, "इमान." हा शब्द तिला तिच्या आजीनं शिकवलेला. मी तिच्या तोंडात बोट घातलं. जिभेखाली, गालांच्या आत, टाळूला. काही नव्हतं. कोणता भाग नाही हे मला मोजायच्या आधीच कळलं होतं बहुतेक. मागची दोन चाकं होती. पुढचं नव्हतं. मुगाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठं, मधोमध टाचणी जाईल एवढं भोक असलेलं करड्या प्लॅस्टिकचं चाक. बाहेर तालमीच्या मैदानावर पोरं फुटबॉल खेळत होती आणि कुणीतरी "अरं पास दे की" म्हणून ओरडत होतं, आणि मला वाटलं, हे सगळं असंच चालू आहे, कुणाला काही कळलेलंच नाही.

मोजायची सवय मला अनूनंच लावली. आठवा महिना लागतो न लागतो तोच ती आली, आणि आल्या आल्या बारा दिवस काचेच्या पेटीत राहिली. मला दिवसातून दोनदा आत सोडायचे. उचलायचं नाही, पाजायचं नाही, मग आईनं करायचं तरी काय? मी तिची छाती मोजत बसायची. चिमणीएवढी छाती, वर, खाली, वर, खाली. चाळीस, बेचाळीस, कधी पन्नास. मधे एखादा श्वास लांबला की माझाही अडकायचा. तिथल्या एक वयस्क सिस्टर मागे येऊन उभ्या राहायच्या आणि हळूच म्हणायच्या, "मोजा, मोजा. कुणीतरी मोजतंय म्हटलं की लेकरं घेतात श्वास." हे खरं नसणार एवढं बी.एस्सी. झालेल्या मला कळत होतं, पण त्या बाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. घरी आल्यावर मोजणं थांबायला हवं होतं. थांबलं नाही. पाळण्याशी बसायचं, घड्याळ हातात, मिनिटभर मोजायचं, मग खात्री करायला आणखी एक मिनिट. माझा नवरा, राजवीर, आधी हसायचा, मग हसेनासा झाला, मग एकदा चिडून म्हणाला, "वर्षा, ती झोपलीय आणि तू जागी आहेस, हे उलटं नाही का?" सासूबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते, मीही म्हणते. आक्का म्हणायच्या, "अगं लेकरू हाय ते, मीटर न्हाय." फक्त आण्णा काही म्हणाले नाहीत. ते रोज जेवण झाल्यावर पेपर घेऊन बसायचे, आणि पेपराच्या वरून माझ्याकडे बघायचे, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आण्णा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. वस्तू लोखंडाची ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडाची करावी लागते, ती वाळूत दाबून साचा उठवतात, आणि त्या पोकळीत रस ओततात. ते लाकडाचं करायचं काम आण्णांचं. एका दुपारी त्यांनी गच्चीवरच्या खोलीतून एक खोका आणला, धूळ पुसली आणि माझ्यासमोर ठेवला. वर ढगांतून झेपावणारं विमान, रंग उडालेले, कोपरे झिजलेले. "माझं एक काम अर्धं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्सं झाली. आता बारकाव्याला नजर पुरत न्हाय. तू करशील काय?" काळजी करू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. ते वाक्य मी तोवर इतक्या जणांकडून ऐकलं होतं की त्याचा मला वास यायला लागला होता. आण्णांनी मला नुसतं काम दिलं, मोजून करायचं. आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लगीन व्हायच्या आधी मुंबैला गेलता, तवा पोराच्या नावानं आणलंतं हे खेळणं. पोरगं कुणाच्या पोटी घालणार हुता, इचार त्येस्नी." आण्णा पेपरात बघून म्हणाले, "खेळणं आणलं, मग आई हुडकली. तू घावलीस."

विमान नॅट होतं. एकाहत्तरच्या लढाईत आपल्या हवाई दलाकडे होतं ते चिमुकलं लढाऊ विमान, आणि त्याची ही बहात्तर पटींनी लहान प्रत, माझ्या वितीतही न भरणारी. सव्वीस वर्षांच्या आण्णांनी ते अर्धं जोडून सोडलं होतं. सांध्यांतून गोंद ओघळून वाळलेला, पंखांवर चांदीचा रंग साईसारखा जाड, आणि डाव्या पंखाच्या पोटावर, ओल्या गोंदात उमटून कायमचा राहिलेला एक अंगठा. जुना गोंद सुटायला विमान थंड करावं लागतं, म्हणजे गोंद ठिसूळ होतो आणि नख लावलं की सांधा कडकन उघडतो. म्हणून मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, आणि आक्कांनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "आमच्यात मटाराच्या खाली इमान हाय." रंग स्पिरिटनं काढला, खिडकी उघडी ठेवून, अनू दुसऱ्या खोलीत असताना. पंखांवर चिकटवायची चित्रं, ती केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं, पिवळी पडली होती; ती पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवली, तीन आठवडे ऊन दिलं, आणि रोज थोडं थोडं पांढरं परत येताना पाहिलं. डोक्यावरची पारदर्शक टोपी टूथपेस्टनं घासली तेव्हा तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं, आणि मला का कोण जाणे रडू आलं. काचेच्या पेटीवर माझ्या श्वासाची वाफ धरायची, ती मी पदरानं पुसायची, तसं काहीतरी. रोज दुपारी दीड ते तीन, अनू झोपलेली असताना. ताट काढायचं, भाग मोजायचे, काम करायचं, मोजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. त्या दीड तासात मी श्वास मोजत नसे. नंतर तर मोजायची आठवणच येईनाशी झाली.

आण्णा समोर बसून बघायचे. भाग ज्या प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लटकलेले असतात, तिला बोट लावून एकदा म्हणाले, "हे काय नवीन न्हवं. ह्याला आमीबी रनरच म्हणतो. रस ज्या वाटंनं आला ती वाट." आणि मग त्यांना रंग चढला. आक्कांकडून परातभर रवा मागवून त्यात पाण्याचा हबका मारला, दाबून सपाट केला. सरळ उभ्या कडांची एक डबी त्यात दाबून वर ओढली. कडा ढासळल्या. मग वाटी दाबली, वर उचलली. खाली वाटीचा खड्डा, जसाच्या तसा, एक कण पडलेला नाही. "कळलं? वाटीला टेपर हाय." मोरीच्या फरशीला पाणी जायला ढाळ देतात, तसा पॅटर्नच्या प्रत्येक कडेला जरासा ढाळ द्यायचा, एक बाजू केसभर मोठी, एक केसभर लहान. "न्हाईतर पॅटर्न काढताना वाळू फाडतंय. निघणारी वस्तू निघाली पायजे, आणि मागं जागा दुखता कामा न्हाय. चाळीस वर्सं येवढंच केलं बघ." रव्याचा मग आक्कांनी शिरा केला, कारण भिजवलेला रवा टाकून देणाऱ्यांपैकी त्या नाहीत. शिरा खाताना मी मनात म्हटलं, या घरात माझं बरं चाललंय. असं वाटलं की लगेच मला भीती वाटते. त्या दिवशी वाटली नाही, म्हणजे मी किती सुधारले होते बघा.

आणि मग तो सिलिंडर, ते ताट, ते तीस. अनूला उचलून मी जिना उतरले ते पायांत काही न घालता, हे मला दवाखान्यात गेल्यावर कळलं. कोपऱ्यावर सिकंदरमामांची रिक्षा उभी असते. मी बसले, "दवाखाना" एवढंच म्हणाले, त्यांनी आरशातून पोरीकडे पाहिलं आणि शाहूपुरीपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, दोन्ही बाजूंनी छाती तपासली, एक्स-रे काढला. "प्लॅस्टिक यात दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण हवा दोन्हीकडे छान जातेय. पोटात गेलं असेल तर शीतून पडेल. किंवा गेलंच नसेल, घरातच असेल कुठेतरी. लक्ष ठेवा. खोकला, धाप, ताप, काही वाटलं तर थांबू नका." काही चुकीचं सांगितलं नाही त्यांनी. बाहेर सिकंदरमामा तसेच उभे होते. घरी मग तीन दिवस शोधाशोध. राजवीरनं सगळी कपाटं हलवली, टॉर्च घेऊन पालथा पडला. आक्कांनी चहाची जुनी गाळणी माझ्या हातात दिली, "ही आता चहाची न्हाय, ध्यानात ठेव," म्हणाल्या, आणि मी दर वेळी ती घेऊन बसले आणि दर वेळी काही सापडलं नाही. मी जेवत नव्हते. म्हणजे ताटावर बसत होते, पण ताट दिसलं की मला ते दुसरं ताट दिसायचं. आण्णा तर गच्चीवरच्या खोलीत जाऊन बसायचे. खोका आपण आणला, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. उठले मी होते, हे माझ्या तोंडावर असणार. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच नव्हतो.

गुरुवारी सकाळी आण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "घावलं." त्यांच्या तळहातावर चाक होतं. "फ्रीजच्या मागं, जाळीत बसलंतं." आक्का होत्या तिथेच खाली बसल्या. राजवीरनं डोळे मिटून घेतले. मी आण्णांच्या पायावर डोकं ठेवायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतले, घाईनं, चटका बसल्यासारखे. "पाया काय पडतीस. जेव आधी." मी जेवले. दोन भाकरी, पिठलं, वर आक्कांनी वाढलेलं दही. त्या जेवणाची चव मला अजून आठवते, इतकं चांगलं जेवण मी आयुष्यात जेवले नसेन. रविवारी सगळे जोतिबाला गेलो, आक्कांनी नवस बोलला होता. गुलालानं अनू कानांच्या मागपर्यंत गुलाबी झाली. आक्का देवाला हात जोडून म्हणाल्या, "माझी सून वाचीवलीस." नात नाही म्हणाल्या, सून म्हणाल्या. उतरताना त्यांच्या हातातली पिशवी मी घेतली.

त्याच दुपारी, घरी आल्यावर, अनूशेजारी मी नुसती पडले होते. मोजत नव्हते. दीड वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याजवळ काही न करता पडले होते, आणि म्हणूनच बहुतेक ऐकू आलं. फार बारीक. आधी वाटलं तालमीच्या मैदानावरची शिट्टी, लांबून. पण ती तिच्या श्वासाबरोबर यायची, श्वास बाहेर पडताना, आणि श्वास संपला की संपायची. कुणीतरी ओठांचा चंबू करून सुईत फुंकर घालतंय, असा आवाज. मी उठून बसले. तो गेला. पडले की पुन्हा. आक्का म्हणाल्या, "गुलाल गेला असंल नाकात. सर्दी हाय." राजवीर म्हणाला, "वर्षे, चाक सापडलंय ना? आता श्वासाचं नवीन काढू नकोस गं." तो रागानं म्हणाला नाही, हात जोडून म्हणाला. आणि मला ते पटलं. मला पटवून घ्यायचं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सर्दीचं औषध दिलं, आणि मी त्यांना चाकाचं सांगितलंच नाही. सापडलेल्या वस्तूचं काय सांगायचं? मधे मधे खोकायची, खेळायची, खायची, हसायची. फक्त दुपारी, गाढ झोपली की ती सुईतली फुंकर. मी स्वतःवर हसायला शिकत होते. माझे कान असले, मी असली, आठवा महिना पुरा न भरू देणारी बाई, जिला सगळीकडे एक कमी दिसतो. असं मी तीन आठवडे स्वतःला सांगत राहिले.

चाक सापडल्यावर मी विमानाचं काम पुन्हा हाती घेतलं होतं, आणि तीन आठवड्यांनी ते चाकांवर आलं. अंग जोडून झालं होतं, पंख झाले होते, पोटावरचा तो अंगठा मी घासला नव्हता, तसाच ठेवून वरून रंग दिला होता. राहिली होती चाकं. कारखान्यात प्लॅस्टिकचा भाग दोन साच्यांच्या मधे तयार होतो, तिथे जोड येतो, म्हणून प्रत्येक चाकावर, टायरच्या बरोबर मधून, एक बारीक रेघ गोल फिरलेली असते. ती पॉलिश पेपरनं घासून काढायची. भिंग लावून मी डावं चाक घासलं. उजवं घासलं. मग पुढचं चिमट्यात धरलं आणि रेघ शोधायला लागले. रेघ नव्हती. फिरवून बघितलं. रंग तोच करडा, प्लॅस्टिक तेच, रनरच्या काडीचं. पण रेघ कुठेच नव्हती. मग ते काचेवर आडवं ठेवलं आणि डोळा त्याच्या पातळीला आणून पाहिलं. चाकाच्या कडा सरळ नव्हत्या. खालची बाजू केसभर मोठी, वरची केसभर लहान. मी ते उलटं ठेवलं. मोठी बाजू वर आली. इतका सुंदर, इतका एकसारखा ढाळ, सगळ्या बाजूंनी, की तो चुकून येणं शक्यच नव्हतं, आणि मुद्दाम देण्याचं काही कारण नव्हतं. किती वेळ बसले कोण जाणे. आतून ती फुंकर ऐकू येत होती, की मला वाटत होतं, तेही कळेना. मला राग यायला हवा होता. तो येत होताही, लांबून, पण त्याच्या आधी मला दिसलं ते असं: गच्चीवरची खोली, मोतीबिंदू काढलेले ते डोळे, जाड बोटं, आणि मुगाएवढं चाक.

आण्णा गॅलरीत शेंगा फोडत बसले होते. मी चाक त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. "आण्णा, ह्याला टेपर आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चाक उचललं, दोन बोटांत फिरवलं, अंगठ्याच्या नखानं कड चाचपली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आलं ते नवल होतं. "दिलाय व्हय मी?" ते म्हणाले. मग चाक मुठीत घेऊन, "पाच केली. सा'वं जमलं. सरळ करायचं म्हणून ठरवून बसलतो. हात ऐकला न्हाय." शेंगांचं सूप त्यांनी बाजूला केलं. "तीन दिस तू खाल्लं न्हवतंस, पोरी. म्हटलं पोरगी हातची जाती आता. डाक्टरीण म्हणलीच हुती, छाती साफ हाय. म्हटलं, असंल घरातच, खरं हिला कसं पटणार..." मी म्हटलं, "आण्णा, ती झोपली की शिट्टी वाजते. श्वासात. तीन आठवडे." हे वाक्य मी तीन आठवडे कुणालाच धडपणे सांगितलं नव्हतं. आण्णा उठले. आत गेले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी गादीशी खाली बसले आणि झोपलेल्या अनूच्या पाठीला कान लावला. डोळे मिटून, बराच वेळ. चाळीस वर्षं ज्या माणसानं भट्टीचा आणि यंत्रांचा आवाज ऐकला त्याला आता घड्याळाची टिकटिकही ऐकू येत नाही. मी बघत होते. आता म्हणतील, काही नाही गं. सगळ्यांनी म्हटलं होतं. आण्णांनी डोकं वर केलं. "मला ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "तुला येतंय न्हवं?" मी मान हलवली. "मग हाय. चल."

मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ दिलं. पण तेवढं एक वाक्य कुणी दिलं नव्हतं. रिक्षात आण्णा पुढे सिकंदरमामांच्या शेजारी बसले होते, दांडी धरून, आणि मी त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या केसांकडे बघत होते, आणि भीती वाटत असूनही मला वाटत होतं की मी एकटी नाही, आता जे होईल ते दोघांत. डॉक्टरीणबाईंनी या वेळी फार वेळ ऐकलं. उजवी बाजू, डावी, पुन्हा उजवी. श्वास पूर्ण बाहेर टाकलेला असताना फोटो काढला, तर उजवीकडे हवा अडकून राहिलेली दिसली, काळी. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देऊन, घशातून बारीक दुर्बीण घालून, चाळीस मिनिटं. राजवीर माझा हात धरून उभा होता, त्याचा हात माझ्यापेक्षा गार होता, आणि तो सारखा म्हणत होता, "मी ऐकायला हवं होतं, वर्षा." आक्का जोतिबाचं नाव घेत होत्या. आण्णा बाकावर, काठीवर हनुवटी टेकून. ओठ हलत होते. मला वाटलं तेही देवाचं काही म्हणताहेत. जवळ जाऊन ऐकलं तर ते मोजत होते. दोनशे अकरा, दोनशे बारा. कशाचे आकडे कोण जाणे. मी त्यांच्याशेजारी बसले आणि तिथून पुढे बरोबर मोजायला लागले.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात छोटी बाटली होती. तळाशी चाक. "मधे भोक होतं म्हणून हवा जात राहिली," ते म्हणाले. "तोच आवाज तुम्ही ऐकलात. आणखी राहिलं असतं तर सूज येऊन भोवती रुतलं असतं. आता अलगद निघालं. आत कुठे ओरखडासुद्धा नाही." आण्णांनी बाटली घेतली, उजेडाकडे धरली, फिरवली. त्यांना ती रेघ दिसणं शक्य नव्हतं. मला दिसली, टायरच्या मधून गोल फिरलेली. "जागा दुखली न्हाय न्हवं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांना तो प्रश्न कळला नसावा, पण ते "अजिबात नाही" म्हणाले. मग आण्णा काठी टेकत व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी मागोमाग गेले. "मी तुझी नजर बांधली," ते भिंतीला म्हणाले. "तू बघत हुतीस, मी बघू दिलं न्हाय." मी उठले नसते तर, तुम्ही खोका आणला नसता तर, ही वाट मी त्या रात्री आणि नंतर कितीदा तरी चालले आहे, आणि ती दर वेळी त्या केसभर ढाळाशी येऊन थांबते. दुसऱ्या कुणी ते चाक केलं असतं तर ते सरळ झालं असतं. मी ते घासून, रंगवून, बसवून मोकळी झाले असते. मी एवढंच म्हटलं, "आण्णा, चला, चहा घेऊ. आक्का वाट बघतायत." ते वळले. डोळे पुसले नाहीत, तसेच आले.

विमान आता कपाटावर आहे, आक्कांच्या हुकमानं, हात पोचणार नाही एवढ्या उंच, पुढून काच लावलेल्या पेटीत. आक्कांना ते घरातच नको होतं. "जाळा ते," म्हणाल्या होत्या, आणि दोन दिवसांनी स्वतःच पेटीला तोरण लावलं, एवढुसं, मण्यांचं. बाटलीतलं चाक माझ्या कपाटात, अनूच्या दवाखान्याच्या कागदांबरोबर. विमान उभं आहे ते आण्णांच्या चाकावर. ढाळामुळे त्याचं नाक डावीकडे जरासं कलतं. सिकंदरमामा अनूला बघायला आले तेव्हा मान वाकडी करून म्हणाले, "ताई, इमान कलतंय की हो." आण्णा वरमले. त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा तरी म्हणतात, "काढून दे की ते, घासून सरळ करतो. दोन मिन्टाचं काम." मी हो म्हणते आणि देत नाही. त्यांनाही ठाऊक आहे, देणार नाही. तरी विचारतात.

मोजणं काही गेलेलं नाही. जाईलसं वाटत नाही, आणि आता मला त्याची लाजही वाटत नाही. दुपारी अनू झोपली की मी तिच्याशेजारी पडते. छाती वर जाते, खाली येते. दहापर्यंत मोजते, मग कान देते. बाहेर मैदानावर कुणीतरी गोल मारलेला असतो, खिडकीच्या काचेवर चित्रांची पिशवी चिकटवल्याचा चौकोनी डाग अजून आहे, स्वयंपाकघरात आक्का भांडी घासताना स्वतःशी बोलत असतात. गॅलरीत शेंगा फोडल्याचा आवाज चाललेला असतो, आणि तो मधेच थांबतो. थांबला की मला कळतं, आता विचारणार.

"वाजतंय काय गं?"

मी घाई करत नाही. तिच्या पाठीला कान लावते, एक श्वास पूर्ण बाहेर पडू देते, मग दुसरा.

"न्हाय, आण्णा."

शेंगा पुन्हा फुटायला लागतात.